मीटरवर शून्य

असोद्यात मोटारसायकल टेम्पोत चढवायची म्हटलं की झिपरूला बोलावणं जायचं. आधी तो केळीचे घड भरायचा. गावात गाड्या वाढल्या तसा गाड्या बांधायला लागला. पुढचं चाक हौद्याच्या फळीला टेकवायचं, गिअर टाकायचा, स्टँड वर करायचा, हँडलला दोन्ही बाजूंनी दोर लावून शॉकअप निम्मे दबेपर्यंत ताणायचे. मग मागच्या चाकाला एक लाथ. गाडीबरोबर टेम्पोही हलला तर ठीक. गाडी एकटी हलली तर सगळं सोडून पुन्हा. एकोणीस वर्षांत त्याची एकही गाडी आडवी झाली नव्हती.

माझा भाऊ प्रेमराज याने मुलीच्या, भाविकाच्या, लग्नात जावयाला गाडी दिली. भेट म्हणायचं, हुंडा म्हणायचं नाही. धुळ्याहून मुलाकडच्यांचा निरोप होता, गाडी मीटरवर शून्य असतानाच दारात उतरली पाहिजे, एक ओरखडा नको, आणि पुढे चकचकीत लेगगार्ड हवा. गार्ड मिळाला तो दुसऱ्याच मॉडेलचा. बसवणाऱ्याने आखूड बोल्टांवर भागवलं.

झिपरूने गार्ड धरून हलवला. "प्रेमराजभाऊ, हा दातासारखा हालतो. काढा पहिले. पोचल्यावर लावा."

गाडी न्यायला नवऱ्या मुलाचे काका झुलालआबा आले होते. "गार्ड काढू नको. दोर त्यालेच बांध. हँडलले बांधशी तर टाकी घसाई जाई."

"दोराले गोधडी गुंडाळतो, आबा."

"नव्वी गाडीले गोधडी? लगीन शे का मयत शे?"

सगळे हसले. झिपरू माझ्याकडे वळला. "अक्का, तुम्ही शिकेल बाई, तुम्ही तरी सांगा यायले."

मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले आहे. ताण कुठे पडणार ते मला दिसत होतं. पण ऊन चढत होतं, आणि गाडी पोचवायचाही मुहूर्त काढून ठेवला होता. मी म्हणाले, "बांध रे एकदाचं. किती वाद घालतोस!"

त्याने बांधलं, लाथ मारली. गाडी एकटी हलली.

"मंग तूच धरीसन बस," झुलालआबा म्हणाले. झिपरू गाडी आणि हौद्याच्या मधे बसला. झुलालआबा आणि मुलीकडची मोठी म्हणून मी पुढे, चालकाशेजारी.

पारोळ्याच्या पुढे म्हैस आडवी आली. ब्रेक लागला, बोल्ट निखळले, गार्ड दोराला लटकत राहिला आणि गाडी झिपरूवर पडली. फूटरेस्टखाली पाय पोटरीपासून चिरडला. चालक टेम्पो मागे पारोळ्याला वळवू लागला.

"मुहूर्त टळी जाई," झुलालआबा म्हणाले. "धुळामा मोठा दवाखाना शेतस ना." प्रेमराज फोनवर म्हणाला, "आधी गाडी उतरवा, मग लगेच न्या." मी झिपरूचा पाय माझ्या शालीने बांधला आणि पुन्हा पुढे जाऊन बसले. टेम्पो धुळ्याकडेच निघाला.

धुळ्यात आधी गाडी उतरली. तिला ओवाळलं, कुंकू लावलं. झुलालआबांनी वाकून मीटर पाहिला. "झिरोच शे." मग टाकीवर वीतभर चरा दिसला आणि त्यावरून अर्धा तास भांडण झालं. झिपरू हौद्यात पोत्यांवर पडून ते ऐकत होता.

डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. दोन तास आधी आणायला हवं होतं, म्हणाले.

आता लोक टेम्पोच त्याच्या ओट्यापाशी आणतात. तो बसून सांगतो, दुसरे बांधतात. परवा मी तिथून जात होते.

"अक्का, चाकाले एक लाथ मारा बरं."

मारली. गाडी एकटी हलली.

"सोडा बठ्ठं, पुन्हा बांधा," तो म्हणाला. माणसं कुरकुरली, उशीर होतोय म्हणाली. मी पुढे होऊन पहिली गाठ सोडली.