डाव्या हाताचा पखवाज

पुतण्या भर दुपारी दारात आला, पण मोटारसायकल बंद केली न्हाय. बसल्या जागेवरूनच म्हणाला, "तात्या, बाबांचं काय खरं न्हाय. उजवं अंग गेलं, वाचाबी गेली. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं. चला."

बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ. येरमाळ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या देवळात दर एकादशीला मी गायचो, तो पखवाज वाजवायचा. शेताच्या बांधावरून आमचं फाटलं अन् तो बायकापोरांसगट कळंबला गेला, पखवाजबी घेऊन. त्यानंतर म्या दुसऱ्या कुणाच्या पखवाजावर तोंड उघडलं न्हाय. गावानं लई सांगून बघितलं. बांधाचं माझंच बरोबर होतं, आजबी आहे. पण गाडीवर बसलो.

कळंबात त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता अन् आत कसलाच आवाज नव्हता. भाऊ खाटेवर पडलेला, डोळे उघडे. माझ्यावरून ते फिरले अन् भिंतीवर जाऊन थांबले.

पखवाज कोपऱ्यात खोळीत होता. म्या म्हणालो, "वहिनी, थोडी कणीक मळून आणा."

"एवढ्या वर्सांनी आलात, ते जेवायला व्हय?"

"पखवाजाला."

डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याबिगर पखवाज घुमत न्हाय. हे तिला ठाऊक होतं, आयुष्यभर तिनंच मळून दिली होती. ती परात घ्यायला उठली.

म्या कणीक थापली, पखवाजाचं डावं तोंड भावाच्या चालत्या हाताखाली सरकवलं अन् अभंग धरला. पहिलं चरण तसंच गेलं. दुसऱ्याला बोटं हालली. घुम्. मग परत घुम्. उजव्या बाजूचे बोल न्हाईत, नुसता खालचा आवाज, जमिनीतून आल्यासारखा. त्याचे डोळे माझ्याकडं वळले.

दम घ्यायला थांबलो, तसा त्याचा हात थांबला अन् छातीत घरघर सुरू झाली. परत गायलो. हात चालला, घरघर बसली.

मग थांबायची माझी छाती झाली न्हाय. घसा सोलून निघाला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण माझ्या हातात दिला न्हाय.

"भावजी, थांबू नका," म्हणाली अन् पोराकडं वळली. "गावाकडं फोन लाव. तात्यांच्या घरच्या समद्यांना बोलव. आत्ताच्या आत्ता निघा म्हणावं, ह्यांचा हात चालतोय तवर पोचा."

भावाचा हात मंद पडत चालला होता. म्या लय वाढवली न्हाय. त्याच्या हाताच्या मागं मागं गात राहिलो.