हँडब्रेक ओढलाय ना?

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते स्वतःच्या पायांनी चालत येतात आणि लायसन्सचा फॉर्म मागतात! सत्तर सालानंतर मी चिंचवडला गाडी शिकवायचो. एक जुनी मोटार, मी मास्तर आणि मोटार चालती ठेवणारे मेकॅनिक हमीदभाई. लोकांना धसका क्लचचा, गिअरचा. पण आठवायला बसलो की निम्मे किस्से निघतात हँडब्रेकचे. असं का, याचं मला आजही कुतूहल आहे.

* * *

कुरुळीचे बापू पन्नाशीत शिकायला आले. पोराने जीप घेतली होती. तोवर जन्म बैलगाडीत गेलेला. गाडी उभी केली की बापू हँडब्रेक ओढायचे, खाली उतरायचे आणि चाकामागे धोंडा लावायचे.

"बापू, ब्रेक ओढलाय की!"

"व्हय, वढलाय. पर त्यो आत काय करतुया ते दिसतंय का? धोंडा दिसतुया!"

मी हसलो. हमीदभाई हसले नाहीत. त्यांनी धोंडा बाजूला केला, तशी गाडी हळूहळू मागे निघाली! त्यांनी घाईघाईने धोंडा परत सरकवला.

"मास्तर, ओढताना खटके मोजता का? चार-पाचात धरला पाहिजे. इथे नऊ झाले. तार सैल पडलीय."

इतकी वर्षं शिकवत होतो, खटके कधी मोजलेच नव्हते! बापू शांतपणे म्हणाले, "मास्तर, उद्यापास्नं तुमी शिका. मी बसतो शेजारी."

* * *

जोगळेकर पिंपरीच्या एका कारखान्यात हेडक्लार्क. नवंकोरं लायसन्स, मित्राची गाडी आणि सासूबाईंना आळंदीचं दर्शन! निघताना हँडब्रेक सोडायचा राहिला. गाडी जडजड चालली होती, पण त्यांना वाटलं, माणसं जास्त झालीत.

थोड्या वेळाने जळका वास येऊ लागला. बायको म्हणाली, "अहो, वास येतोय."

"पिंपरीत कसला ना कसला वास येतोच! कारखाने आहेत."

बायकोने नाकाला पदर लावला. शेवटी इंद्रायणी दिसू लागली, तेव्हा मागून सासूबाई बोलल्या, "जावईबापू, कारखाना बरोबर घेतलाय का?"

* * *

एका कंपनीतले साहेब महिनाभर रजेवर गेले. जाताना गाडी धुतली आणि ओल्या गाडीलाच हँडब्रेक लावून ठेवला. परत येऊन बघतात तर दार फोडलेलं, डिकीवर हातांचे ठसे, आणि गाडी जागेवर! चोरांनी ढकलून ढकलून नाद सोडला असावा.

हमीदभाईंनी चाक ठोकून पाहिलं. "साहेब, आतला ब्रेक गंजून चिकटलाय. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडायचा, गिअर टाकायचा आणि चाकाला वीट लावायची. सोडवून देऊ?"

साहेबांनी डिकीवरचे ठसे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, "एवढ्यात नको. इतकं भक्कम कुलूप बाजारात मिळत नाही!"

* * *

आणि आमच्याकडे शिकणाऱ्या, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. चाकणकडच्या गावांतून लसी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. जीप होती, ड्रायव्हर मिळत नव्हता. लायसन्स मिळालं तर ती जीप त्यांच्या हातात येणार होती.

पण चढावरची परीक्षा आडवी येत होती. इन्स्पेक्टर चढावर गाडी थांबवायला लावायचे आणि मागच्या चाकामागे काडेपेटी ठेवायचे. गाडी निघताना पेटी चिरडली की नापास. सिस्टरांनी दोन पेट्या चिरडल्या होत्या.

तिसऱ्या खेपेआधी त्या हमीदभाईंना म्हणाल्या, "चाक उघडून दाखवा. तार ओढल्यावर आत काय होतं?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं! हमीदभाई खूष झाले. चाक उघडलं, तार ओढली, आतल्या दोन अर्धगोल पट्ट्या, म्हणजे ब्रेकचे शू, बाजूला फाकले.

"अगं बाई! हे तर दोन्ही हात पसरून दार अडवल्यासारखं!" सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे इंजिनाने ओढ घेईपर्यंत हात काढायचे नाहीत."

परीक्षेच्या दिवशी नदीच्या पुलाचा चढ. सिस्टरांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. इन्स्पेक्टरांनी काडेपेटी ठेवली आणि नीट दिसावं म्हणून गाडीच्या मागेच उकिडवे बसले.

"हं, घ्या!"

गाडी हलेना.

"घ्या म्हणतो ना!"

"तुम्ही मागून उठल्याशिवाय मी ब्रेक सोडणार नाही."

"बाई, परीक्षा मी घेतोय!"

"हो. पण उठा."

मला वाटलं, आता तिसऱ्यांदा नापास! इन्स्पेक्टर लाल होऊन उठले आणि कडेला जाऊन उभे राहिले. सिस्टरांनी क्लच हळूहळू सोडला, इंजिनाचा आवाज खाली आला, हँडब्रेक सुटला आणि गाडी सरळ वर गेली. काडेपेटी जशीच्या तशी!

इन्स्पेक्टरांनी बॉनेटवर कागद ठेवला. सही केली. पेन खिशाला लावताना त्यांच्याने राहवलं नाही.

"सिस्टर, माझी एवढी काळजी?"

सिस्टरांनी आधी कागद पर्समध्ये ठेवला.

"तुमची नाही हो, सहीची!"