भटू मास्तरांची नोंद

सुरतेत पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानांवर, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही लोकांना वेब ॲप्लिकेशनं करून देतो. नवं काम आलं की कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायची नसते, तयार टेम्प्लेट असतं. एक कमांड दिली की चार-पाच फोल्डर आपोआप उभे राहतात आणि त्यांना लागणारी शेकडो पॅकेजं इंटरनेटवरून एकामागून एक उतरायला लागतात. यात दहा मिनिटं तरी जातात, आणि ती दहा मिनिटं आमच्याकडे चहाची. सगळे उठायचे, भटू मास्तर तेवढे उठायचे नाहीत. खुर्ची पुढे ओढून, हाताची घडी घालून ते पडद्यावर धावणाऱ्या ओळी बघत बसायचे. त्या ओळी जगात कुणीच वाचत नाही.

“मास्तर, चा ठंडी थाय छे,” आमचे मालक हितेशभाई दारातून ओरडायचे.

“मशीन चालू शे, साहेब,” मास्तर मान न वळवता म्हणायचे. “चालू मशीनवरून माणूस उठत नाही.”

बावीस वर्षं त्यांनी खरोखरच्या मशीनवर काढली होती. शिरपूरकडच्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी ते सुरतेला आले आणि पांडेसऱ्यात कपडा रंगवणाऱ्या मिलमध्ये लागले. पहिली चौदा वर्षं एका मिलमध्ये जेट मशीनवर, म्हणजे उकळत्या रंगात थानं फिरवणाऱ्या मोठ्या पिंपावर गेली. ती मिल बंद पडल्यावर दुसरीत आठ वर्षं. तिथे ते कलर मास्तर झाले आणि ‘मास्तर’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. मग छाती बोलायला लागली. डॉक्टरांनी वाफेत उभं राहायला मनाई केली. त्याच सुमारास आम्ही त्या मिलसाठी शेडकार्डाचं, म्हणजे रंगांच्या नमुन्यांच्या यादीचं ॲप करत होतो, आणि मिलने रंग समजावून द्यायला यांना पाठवलं. आल्या आल्या त्यांनी माझ्या पडद्यावर बोट ठेवलं. “ताई, ह्याला तू मोरपंखी म्हणतेस? हा शेवाळी आहे.” मला दोन्ही हिरवेच दिसत होते. हितेशभाईंनी महिन्याभरात त्यांना कामावर ठेवून घेतलं.

काम ठरलं होतं मिलवाल्यांशी बोलायचं आणि तयार झालेलं ॲप तपासायचं. मास्तर तेवढ्यावर थांबणार नव्हते. ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. माझे वडीलही नंदुरबारकडून मिलसाठीच सुरतेला आलेले, त्यामुळे आमची भाषा लगेच जुळली. टेम्प्लेटचा एकेक फोल्डर मला उघडायला लावायचा आणि वहीत मराठीत लिहून घ्यायचं, हा त्यांचा उद्योग. लोकांना दिसतो तो पुढचा भाग म्हणजे ‘दुकान’. मागे सर्व्हरवर चालतं ते ‘मिल’. माहिती साठवायची ती ‘गोदाम’. मी आधी हसले, आणि सहा महिन्यांनी नव्या मुलींना त्याच शब्दांत शिकवायला लागले.

त्यांचा खरा त्रास वेगळाच होता. टेम्प्लेटमध्ये आपल्याला न लागणाऱ्या पुष्कळ फाइली असतात. आपण त्या तशाच राहू देतो.

“ही कसाले शे?” मास्तर विचारायचे.

“असू द्या. टेम्प्लेटबरोबर आलीये.”

“आली म्हणून ठेवायची? तुझ्या घरात कुणी अनोळखी येऊन बसलं तर जेवायला वाढशील?”

एकदा मी बाहेर गेले असताना त्यांनी अशीच एक अनोळखी फाइल काढून टाकली आणि लॉगिनच बंद पडलं. अर्धा दिवस आम्ही डोकं धरून बसलो. मास्तरांच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा मागमूस नव्हता. “आता कळलं ना ती कशासाठी होती,” म्हणाले, आणि वहीत लिहूनही घेतलं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पुढे त्यांना दम जास्त लागायला लागला. जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबून खालच्या दुकानातल्या साड्यांचे रंग बघितल्यासारखं करायचे. दवाखान्यात विचारलं गेलं, रंगाच्या वाफेत किती वर्षं होता, आणि त्याचा कागद आहे का? कागद असता तर इलाजाला मदत मिळण्याची सोय होती. दुसऱ्या मिलचा कागद होता. छाती ज्या मिलमध्ये गेली त्या पहिल्या मिलचा मात्र एक चिटोराही नव्हता. तिथे चौदा वर्षं ते दुसऱ्याच्या नावावर राबले होते. कुणी गावी निघून गेला की त्याचं गेटचं कार्ड ठेकेदार नव्या माणसाच्या हातात द्यायचा. माणूस बदलायचा, कार्डावरचं नाव तेच राहायचं. पांडेसऱ्यात ही इतकी रोजची गोष्ट होती की कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

एका सकाळी मास्तर म्हणाले, “ताई, टेम्प्लेट उतरव. आपलं काम करायचं शे.”

काम असं होतं: कागद नसलेल्या मिल कामगारांनी स्वतःची नोंद स्वतः करायची. कुठली मिल, कुठलं मशीन, किती वर्षं. त्याच मिलमधल्या दोघांनी साक्ष दिली की नोंद पूर्ण. ओळखीच्या एका वकीलबाईंनी सांगितलं होतं की सोबतच्यांची साक्ष असलेली नोंद निदान कुठे दाखवता तरी येते. हितेशभाईंनी सर्व्हरवर जागा दिली, वर बजावलं, “ऑफिसना टाइममां नहीं.” तरी ते ऑफिसच्या वेळातच झालं.

पहिल्या रविवारी आमच्या विहाराच्या हॉलमध्ये आम्ही वीसेक कामगारांना बोलावलं. टेम्प्लेटचं साइन-अपचं पान तयारच होतं, मी त्यावर फक्त मराठी चढवलं होतं. पहिल्याच रकान्यात सगळं अडलं. तिथे ई-मेल मागितला होता आणि तो दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. हॉलमध्ये ई-मेल एकाचाही नव्हता. मी तो रकाना काढला. मग कार्ड नंबर. एका नंबरावर एकच माणूस, हा नियम मी आपण होऊन घातला होता आणि शहाणपणा केल्याच्या आनंदात होते. पहिल्याने नंबर टाकला, झाली नोंद. दुसऱ्याने टाकला तर लाल अक्षरात आलं, हा नंबर आधीच वापरात आहे. तिसऱ्याचाही तोच. तिघे एकमेकांकडे बघून हसायला लागले. त्या एका कार्डावर तिघांनी पाठोपाठ काम केलं होतं, आणि कार्डावरचं नाव तिघांपैकी कुणाचंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तर शांत होते. “नमुन्याची चूक नाही, ताई. ज्यानं तो बनवला त्यानं पांडेसरा बघितलेला नाही.”

“पण हा नियम तर मी घातलाय. मी तर इथलीच आहे,” मी म्हणाले.

“मग तू इथलं इसरी गयी,” ते म्हणाले आणि हसता हसता खोकले.

सोमवारी आम्ही गोदामाची मांडणीच बदलली. आधी माणूस, मग त्याने वापरलेली कार्डं, एका कार्डाला कितीही माणसं. मास्तरांनी माझ्याकडून टेम्प्लेटमधली एकेक फाइल उघडून घेतली, आणि या वेळी मी कुरकुर केली नाही. पुढच्या रविवारपासून नोंदी होऊ लागल्या. माणसं फोन घेऊन कोपऱ्यात बसायची, जुने सोबती आठवायची, गावाकडे फोन लावायची. “अरे तू जित्ता शे का?” असं एकमेकांना विचारून मोठमोठ्याने हसायची.

मास्तरांची स्वतःची नोंद मात्र अडली. पहिल्या मिलची माणसं पांगली होती, काही वारली होती. कामरेजला वॉचमन असलेले गुलाबदादा सापडले, त्यांनी साक्ष दिली. दुसरा मिळेना. वर्षभर मास्तरांनी शोध घेतला. प्रत्येक नव्या माणसाला पहिला प्रश्न, “त्या मिलमध्ये कुणी गडी ओळखीचा?” पडद्यावर त्यांच्या नावापुढे पिवळ्या अक्षरात लिहिलेलं असायचं: एक साक्ष बाकी.

दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या तेव्हा मी एकदा त्यांना म्हणाले, “मास्तर, गोदामाची किल्ली माझ्याकडे आहे. एक ओळ लिहायची. मी आत्ता पूर्ण करते.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला कीबोर्डवरून हात काढावा लागला.

“लोकांना काय सांगू? तुमची दोन माणसांची, माझी दीड माणसाची?”

“तुम्ही खोटं कुठे सांगताय? चौदा वर्षं खरी आहेत ना?”

“खरी शेत म्हणूनच,” ते म्हणाले. “खऱ्याला खोटा माणूस लावायचा नाही.”

मी चिडले. त्यांची तब्येत मला दिसत होती आणि हा हट्ट मला परवडणारा वाटत नव्हता. पण मी ती ओळ लिहिली नाही. दिवाळीनंतर ते ऑफिसला यायचे थांबले. मी चार-पाचदा लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. ते खाटेवर उशाला टेकून बसायचे, आलेल्या नोंदी माझ्याकडून वाचून घ्यायचे, गावांची नावं चुकली असली तर दुरुस्त करायचे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. माघात मास्तर गेले. त्यांच्या नावापुढे पिवळी अक्षरं तशीच होती.

पंधरा दिवसांनी मी काकूंना भेटायला गेले. त्यांनी चहा आणून ठेवला. मग त्यांनी विचारलं, “ते नाव लागलं का त्यांचं? त्याच्यात?”

खोटं सांगावंसं वाटलं. “नाही, काकू. एक साक्षीदार कमी पडला. त्या पहिल्या मिलमधलं माणूस मिळालं नाही.”

“कोणचं माणूस लागतं?”

“ज्यानं त्यांना तिथं काम करताना बघितलं असेल असं.”

“मी होती ना तिथं,” काकू म्हणाल्या.

मला वाटलं त्या डबा घेऊन जायच्या त्याबद्दल बोलताहेत. तसं विचारलं तर त्यांनी मान हलवली. “कामाला होती. तीन नंबरच्या जेटवर. थान मशीनात जायच्या आधी टोकाला टोक शिवावं लागतं ना, ते मी शिवायची. हे थान ओढायचे, मी शिवायची. तीन वर्षं. मोठा पोरगा पोटात होता, मग सोडलं.”

“तुम्ही मास्तरांना सांगितलं नाही?”

“ते गडी शोधत होते,” काकू म्हणाल्या. “मला कोणी इचारलं नाही.”

मला मास्तरांचा राग आला. इतका बारकाईने बघणारा माणूस, मोरपंखी आणि शेवाळी वेगळे करणारा, आणि हिला विसरला. मग स्वतःचा त्याहून जास्त आला. कामांची यादी मी टाइप केली होती: ऑपरेटर, हेल्पर, मास्तर, बॉयलरवाला. बायका काय काम करतात हे मी, मिल कामगाराची मुलगी, त्यात लिहिलंच नव्हतं. या बाईच्या हातचा चहा पिऊन मी याच खोलीत बसून तिच्या नवऱ्याच्या साक्षीदाराची काळजी करत होते.

लॅपटॉप पिशवीत होता. साक्ष देणाऱ्याची स्वतःची नोंद आधी असावी लागते, मग ती पूर्ण नसली तरी चालते, हा मास्तरांचाच नियम. मी पान उघडलं आणि मग लक्षात आलं की मला त्यांचं नाव माहीत नाही.

“नाव सांगा, काकू.”

त्यांनी पदर सारखा केला. “माहेरचं का इकडचं?”

“मिलमध्ये काय होतं?”

“तिथं कुठं नाव? ठेकेदार डोकी मोजायचा.” मग म्हणाल्या, “इंदूबाई लिही.”

मी लिहिलं. कामांच्या यादीत ‘टोकं शिवणारी’ हे तिथेच बसून घातलं. मग मास्तरांची नोंद उघडून साक्षीचं बटण दाखवलं. काकूंनी पदराने बोट पुसलं आणि जपून दाबलं. पिवळी अक्षरं गेली, हिरव्यात आलं: नोंद पूर्ण. मी रडले. काकू रडल्या नाहीत, त्या पडद्यावर दुसरीकडे बघत होत्या. खाली त्यांच्या स्वतःच्या नावापुढे पिवळ्यात काहीतरी दिसत होतं.

“हे काय म्हणतं?”

“तुमच्या नोंदीला दोन साक्षी बाकी आहेत.”

“गुलाबभाऊ देतील एक,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी खाटेकडे बघितलं. “दुसरे तर हेच होते.”