देव्हाऱ्यातलं दोन पेन्सचं नाणं

इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सच्या आमच्या मराठी ज्येष्ठांच्या गटात मला नाणेतज्ज्ञ म्हणतात. ही पदवी कुणी दिलेली नाही, मीच हळूहळू घेतली. नोकरीची वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे धातूवर दाबायचे साचे, बनवण्यात गेली, त्यामुळे धातूवर ठसा कसा उमटतो आणि कसा बिघडतो हे मला कळतं. दर गुरुवारी कम्युनिटी हॉलमध्ये चहाचे कप बाजूला सारून लोक माझ्यासमोर सुटे पैसे ओततात.

"अहो, या राणीला दोन हनुवट्या आहेत, बघा ना!"

मी भिंग लावतो. राणीला हनुवटी एकच असते आणि नाणं कुणाच्या तरी कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये महिनोन्‌महिने गरगरलेलं असतं.

मग मी माझं ठरलेलं भाषण देतो. चकली सोऱ्यातूनच वाकडी पडली तर ती चूक. चांगली पडून डब्यात मोडली तर ते नुकसान. टांकसाळीत बिघडलेल्या नाण्यासाठी संग्राहक जीव टाकतात, बाहेर बिघडलेल्याला कुणी विचारत नाही.

हे भाषण देणाऱ्या माणसाने आठ वर्षांपूर्वी एका अस्सल नाण्याला जाणूनबुजून मोडकं ठरवलं. ते आता सांगून टाकतो.

माझा एक जुना मित्र आहे. या देशात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने घरी पत्र पाठवायला तिकिटं घेतली, तेव्हा परत आलेल्या सुट्या पैशांत त्याला दोन पेन्सचं एक नाणं मिळालं. कडेचा नखाएवढा तुकडा गायब, जणू कुणी चावा घेतलाय. वहिनींनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. इथली पहिली लक्ष्मी! मित्राच्या घरी आरतीआधी, धुराने वाजू नये म्हणून, स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालतात आणि मग त्या नाण्याला हळदकुंकू वाहतात. इतकी वर्षं मी ते लांबूनच पाहिलेलं.

आठ वर्षांपूर्वीच्या लक्ष्मीपूजनाला एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, हे खंडित आहे ना? खंडित वस्तू देवात कशी?"

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "भावजी, तुम्हीच सांगा. हे जन्मतः असं आहे, की कुणी तोडलंय? जन्मतः असेल तर ते खंडित नाही, हो ना?"

खिशात भिंग होतंच. नाण्याच्या चकत्या पत्र्यातून कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर पडते आणि तेवढा घास कमी येतो. अशा चकतीची कड वळवताना चाव्याच्या बरोबर समोर दाब कमी पडतो, तिथली कड पुसट राहते. मी पाहिलं, कड पुसट होती. चाव्याजवळची अक्षरंही त्या बाजूला ओघळल्यासारखी झालेली. पकडीने तोडलेल्या नाण्यावर ती कचकन कापलेली दिसतात. हे नाणं शंभर टक्के अस्सल होतं.

तीस वर्षं मी बँकेतून नाण्यांच्या पिशव्या आणून तपासत होतो. मला असं एकही सापडलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मित्र सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, एवढ्या पिशव्या उपसल्यास, आणि आमच्या हिला बघ, न शोधता घरपोच!"

खोलीभर हशा पिकला. मी भिंग मिटलं आणि म्हणालो, "पकडीने तोडलंय कुणीतरी. डॅमेज."

हशा थांबला. फराळाची करंजी तेवढी मी संपवली. पुढच्या खेपेला देव्हाऱ्यात नाणं नव्हतं. ते शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये गेलं होतं. वहिनी मला मात्र दर दिवाळीला दोन करंज्या जास्त वाढत राहिल्या.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. मित्र हसत सुटला. "लेका, जळलास होय माझ्यावर? आधी सांगायचंस, मी अजून चिडवलं असतं!"

वहिनी हसल्या नाहीत. शिवणाचा डबा घेऊन आल्या. "मागे एकदा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला, भावजी. आता मला स्वतःला दिसू दे. ते भिंग द्या इकडे."

मी त्यांना चाव्याच्या समोरची कड कशी शोधायची ते दाखवलं. त्यांनी खिडकीपाशी जाऊन बराच वेळ पाहिलं. मग पर्समधलं दुसरं एक दोन पेन्सचं नाणं आणून शेजारी धरलं, कडा ताडून पाहिल्या. मला परीक्षेच्या निकालाचीसुद्धा एवढी धाकधूक वाटली नव्हती.

"पुसट आहे," त्या म्हणाल्या. "अक्षरंही ओघळलीत. आठ वर्षं मी हिला बटणांत ठेवलं!"

"चूक माझी होती, वहिनी."

"तुमचीच होती. म्हणून तुम्हीच ठेवा तिला जागेवर."

नाणं दुधापाण्याने धुऊन त्यांनी माझ्या हातात दिलं. गुडघे कुरकुरत होते, तरी खाली बसलो आणि बाळकृष्णाशेजारी ते ठेवलं. वाईट दिसू नये म्हणून चावा भिंतीकडे केला.

वहिनींनी हात पुढे करून नाणं फिरवलं आणि चावा सगळ्यांना दिसेल असा समोर आणला.