आईची उपसूचना

माझे वडील गावच्या सोसायटीचे चेअरमन होते, आणि चेअरमनकी त्यांच्या अंगात अशी भिनली होती की घरातही ठरावाशिवाय पान हलत नसे. रोज संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या संपल्या की ओसरीवर सभा भरायची. वडील ठराव मांडायचे. आतून, भाकरी थापता थापता, आई "अनुमोदन" म्हणायची, आणि मी व धाकटी बहीण हात वर करायचो. सर्वानुमते मंजूर. मगच ताटं वाढली जायची. भूक फार लागली असली की आम्ही दोन्ही हात वर करत असू.

ठराव घरातले क्वचितच असत. वडिलांना काळजी जगाची. अणुबॉम्बवर बंदी घालावी, हा ठराव आम्ही कितीदा केला असेल कोण जाणे. मला बॉम्ब ठाऊक होते ते तेरखेड्याच्या फटाक्यांतले, त्यामुळं दिवाळी जवळ आली की माझा हात जरा नाराजीनंच वर जायचा.

त्या साली पावसानं दडी मारली. आईला पाण्यासाठी पार माळापलीकडं जावं लागे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागरी, पाय पोळलेले. भिंतीपलीकडं मात्र काकांचा आड होता. रोज सकाळी त्याचा रहाट कुरकुरायचा, बादली आपटायची, आणि आई रिकामी घागर घेऊन ते ऐकत निघून जायची. त्या कुरकुरीचा मला भयंकर संताप यायचा.

काका म्हणजे वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोघं दोन पॅनेलांत गेले आणि त्यापायी वाटणी झाली. आड त्यांच्याकडं, गाडी आमच्याकडं, आणि बैलजोडीतला एकेक बैल दोघांकडं. एका बैलावर गाडी चालत नाही हे वाटणी करणाऱ्या पंचांनाही कळत होतं, पण वाटणी सारखी व्हायला हवी ना. पुढं दोन्ही पॅनेलं एक झाली. आमची भिंत राहिली.

एका संध्याकाळी आखातातल्या लढाईच्या बातम्या ऐकून वडील फार अस्वस्थ झाले. त्यांनी ठराव मांडला की, लढणाऱ्या दोन्ही शेजाऱ्यांनी मागचं सारं विसरून बोलणी सुरू करावीत.

आतून नुसता भाकरी थापल्याचा आवाज आला.

"अनुमोदन?" वडिलांनी विचारलं.

"न्हाय," आई म्हणाली. "माझी उपसूचना हाय."

हा शब्द आईच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकला. इतकी वर्षं ती आत बसून नुसत्या भाकरी थापत नव्हती तर.

"त्या दोन देशांच्या खाली तुमचं आन् भावजींचं नाव घाला. मग अनुमोदन."

"अगं, हा आंतरराष्ट्रीय ठराव हाय."

"मग ऱ्हाऊ द्या."

ठराव बारगळला. अनुमोदनाला सज्ञान माणूस लागतं, असं वडिलांनीच कधीतरी ठरवलं होतं, त्यामुळं आम्हा पोरांचा उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी रेडिओनं आणखी माणसं मेल्याचं सांगितलं. वडिलांनी आईकडं असं पाहिलं, जणू तिनंच तोफ डागली होती.

"माणसं मरायलीत तिकडं," ते म्हणाले.

"माझी मान मोडायली हिकडं," आई म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

वडिलांचं जेवण कमी झालं. आखातातली लढाई आपल्या चुलीपाशी अडलीय, हे त्यांना सहन होईना. शेवटी एकदा बातम्या संपताच ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "उपसूचनेसह मंजूर." आमचे हातसुद्धा मोजले नाहीत.

ठराव झाला म्हणजे अंमलबजावणी आली. सकाळी वडील टोपी घालून, बादली घेऊन काकांच्या दारात गेले, मी मागोमाग. काका आडापाशीच होते. आम्हाला बघून दोर हातात धरून तसेच उभे राहिले.

"ठराव झालाय," वडील म्हणाले. "पाणी पायजे."

"अनुमोदन कुणाचं?"

"तुझ्या वहिनीचं."

काकांनी दोर वर ओढला आणि बादली वडिलांच्या पायाशी ठेवली. आत थेंब नव्हता.

"लई दिस झालं दादा, आड आटून. तुमाला रहाटाचा आवाज जावा म्हणून बादली सोडतो नुस्ती. आमची बी माळापल्याडच जाती पाण्याला, रातच्याला, कुणी बघू नये म्हणून."

वडील वाकून त्या बादलीत बघत राहिले. मला हसू येत होतं आणि रडूही.

"एक बैल हाय माझ्याकडं," काका हळूच म्हणाले.

"एक माझ्याकडं हाय," वडील म्हणाले, जणू ही बातमी दोघांनाही आत्ताच कळत होती.

आखातातली लढाई पुढंही चालूच राहिली. "तिकडं अनुमोदक मिळंना," असं म्हणून वडील रेडिओ बंद करायचे. पण त्या दुपारी आमची गाडी जुंपली गेली. वर लोखंडी पिंप चढलं आणि पिंपाला धरून आई आणि काकू बसल्या. आई पाण्याला बसून निघालेली मी पहिल्यांदाच पाहिली. ओझं गाडीवर होतं, तरी वाटभर तिनं मान ताठ धरली होती, आणि डोक्यावरची चुंबळ काही काढली नव्हती.