मुलींच्या शाळेचे कवेलू

मिरुग लागायच्या आत छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरले नाहीत तर घर तुमचं नाही, पावसाचं. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नाही ते फक्त नगरपंचायतीला.

नत्थू थूल चाळीस वर्षं मुलींच्या जुन्या शाळेवर चढत आला. पासष्टीचा, काटकुळा माणूस; छपरावर पाय ठेवण्याआधी चपला काढतो, अन् कवेलूवर टिचकी मारून तडा ओळखतो. फेरणं म्हणजे दर मे महिन्यात सगळे कवेलू काढायचे, वानरांनी फोडलेले फेकायचे, जरा तडकलेले खाली वळचणीला लावायचे, धडधाकट वर चढवायचे. शंभर वर्षांची शाळा कशानं उभी राहिली म्हणता? ह्या माणसाच्या गुडघ्यांनी. त्याची बायको मीराबाई तिथंच पूर्वेच्या खोलीत पोरींची खिचडी शिजवते, म्हणून त्याचा जीव त्या छपरात जरा जास्तच अडकलेला.

गेल्या वर्षी शाळा वारसा यादीत गेली. फीत कापली, पाटी लागली, पेढे वाटले. नत्थूनंही पेढा खाल्ला बिचाऱ्यानं. यंदा मे महिन्यात शिडी लावायला गेला, तर शिपायानं अडवलं. आता परवानगी लागते म्हणे.

तो नगरपंचायतीत गेला, एकदा नाही, सात वेळा. इंजिनीयर मंजुषा मॅडमनं नियम समजावला: प्रत्येक कवेलूवर नंबर टाकायचा, फोटो काढायचा, अन् फेरून झाल्यावर जिथला तिथंच ठेवायचा. नत्थू हसला. मग त्याच्या लक्षात आलं, बाई थट्टा करून नाही राहिली. जिथला तिथंच ठेवायचा तर फेरायचा कशाला? फुटकाही तिथंच ठेवायचा का? त्यानं हात जोडून हेच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, नागपूरचे तज्ज्ञ येऊन ठरवतील. आता ढग काय तज्ज्ञाची वाट पाहत बसतात? अरे, शाळा वाचवायला निघालात की मारायला!

शाळा उघडायला चार दिवस उरले तेव्हा नत्थूचं डोकं सटकलं. भर दुपारी शिडी लावून तो चढला. सुरुवात केली पूर्वेकडून, मीराबाईच्या चुलीवरून. तेवढी एक खोली फेरून झाली, तोवर खाली मॅडम अन् शिपाई हजर. त्याला उतरवलं, शिडी जप्त केली, हातात नोटीस ठेवली.

शाळा उघडली अन् पाऊस लागला. सहा दिवस पोरी गळत्या छपराखाली बसल्या, मातीची भिंत पाणी पीत राहिली. सातव्या दिवशी मधला वर्ग छपरासकट खाली आला. रविवार होता म्हणून पोरी वाचल्या, कोणाच्या नियमानं नाही.

सोमवारी पंचनामा झाला. अनधिकृत इसमाने कवेलू हलवल्यामुळे छप्पर कमजोर झाले, असं मॅडमनं लिहिलं अन् सगळ्यांसमोर वाचूनही दाखवलं. नत्थूनं आवाज चढवला नाही. त्यानं मॅडमला मीराबाईच्या खोलीत नेलं. चूल कोरडी, भिंत कोरडी.

"मॅडम, म्या फेरलेली खोली उभी हाये," तो म्हणाला. "पडली ते तुमी जपून ठेवलेली."

मॅडमनं मान वर करून छपराकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं, अन् एक अक्षरही न खोडता पंचनाम्याखाली सही केली.