फडात पाजायला बसलेली आई

अंबाजोगाईच्या कॉलेजात मी गुलामगिरीवरची एक कादंबरी शिकवत होते. मळ्याचा मालक आईला तिचं बाळ पाजू देत नाही, तो उतारा वाचतानाच खिडकीतून रसवंतीचा वास आला आणि मला पुढे वाचवेना.

मी लहान असताना दुष्काळात आम्ही शिरूर सोडून साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेलो होतो. बैलगाडीखालच्या झोळीत माझी तान्ही बहीण रडून काळीनिळी झाली होती. आई तिला मांडीवर घेऊन पाजायला बसली, तसा मुकादम धावून आला.

"ऊठ! आधी गाडी भर, मंग पाज."

"लेकरू पिल्याबिगर मी उठायची न्हाई."

त्यानं रिकाम्या झोळीला लाथ मारली. आईनं शेजारचा कोयता उचलून त्याच्यावर रोखला. बाप मात्र हात जोडून तिलाच म्हणत होता, "ऊठ की गं, हाकलून देतील आपल्याला!"

बहिणीचं पोट भरेपर्यंत आई उठली नाही.

तेव्हा मलाही आईचाच राग आला होता. आता तो सगळा मुकादमावर आहे आणि इतक्या वर्षांत जराही निवलेला नाही.

"मॅडम, हे फार जुनं आहे ना?" एका मुलीनं विचारलं.

"जुनं न्हाई," माझ्या तोंडून गेलं. "आमचा मुकादम अजून जित्ता हाय."